माझ्यावरचा बंद पडल्याचा आरोप

"रविवारच्या कार्यक्रमात थेट सादरीकरण ऐन रंगात आलेले असताना कलावंताचे जुने टर्नटेबल अचानक बंद पडले. त्यामुळे गोंधळून जाऊन ध्वनितंत्रज्ञ बाईंनी सभागृहातील आवाज पूर्णपणे बंद केला. अनपेक्षित शांततेमुळे प्रेक्षकांत धक्काबुक्की होऊन एक ज्येष्ठ गृहस्थ पायऱ्यांवरून पडले. आयोजकांना या घटनेबद्दल खेद आहे."

मित्रांनो, हे निवेदन सभागृहाच्या दर्शनी दारावर, काचेच्या आत, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून लावलेले होते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. बिघाडातून गोंधळ, गोंधळातून शांतता, शांततेतून धक्काबुक्की, अशी त्यातली कारणपरंपरा एखाद्या साखळीसारखी सुबक आहे. फक्त तिची पहिली कडी हवेत लटकते आहे. मी एक जुने टर्नटेबल आहे, एवढे त्यातले विधान मी विनातक्रार मान्य करते. बंद पडण्याबद्दल मात्र माझा मतभेद आहे. त्या रविवारी मला विजेची तार नव्हती. सुई नव्हती. माझ्यावरची तबकडी डिंकाने चिकटवलेली होती. अशा स्थितीत बंद पडण्याचे कर्तृत्व माझ्या नावावर लावणे हा माझा गौरव आहे, पण तो अनाठायी आहे.

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी म्हण आहे. मी सुळी जाण्याचा प्रश्न नव्हता. यंत्राला कोण सुळी देतो? सुळाचे टोक होते ते ध्वनितंत्रज्ञ बाईंकडे. निवेदन खरे ठरले असते तर त्यांना त्या सभागृहातून आणि शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक सभागृहातून कायमचे काढून टाकले जाणार होते. म्हणून माझी जन्मकथा मी एरवी सांगितली नसती ती सांगते आहे.

माझा जन्म छताला खिडक्या असलेल्या एका लांबट कारखान्यात झाला. माझी ताटली, म्हणजे जिच्यावर गाण्याची तबकडी ठेवतात ती, वितळलेल्या ॲल्युमिनियमची ओतीव आहे. पोटातली मोटार थेट तिच्या आसाला जोडलेली आहे. मध्ये पट्टा नाही. पट्टा नसणे हा आमच्या कुळाचा अभिमान. ताटलीवर लोकरीची पातळ चकती, तिच्यावर तबकडी. वाजवणाऱ्याने तबकडीवर तळवा ठेवला की तबकडी जागच्या जागी थांबते, आवाज थांबतो, आणि चकतीखाली मी निमूट फिरत राहते. तळवा उचलला की तबकडी पुन्हा माझ्या चालीने चालू लागते. लोक समजतात की आमची कला फिरण्यात आहे. फिरते तर भिंगरीही. हाताखाली थांबता येणे, यात आमची सारी विद्या आहे.

कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. त्या प्रत्येक टर्नटेबल चालू करून त्याच्या तळाला कान लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "काही ऐकू येत नाही ना? मग चांगलं आहे." माझ्या आयुष्यातली ही पहिली प्रशंसा. ती नकारार्थी होती आणि पुढे वाट्याला आलेल्या सर्व होकारार्थी प्रशंसांपेक्षा अचूक होती.

तिथून मी आणि माझे जुळे भावंड मामांकडे आलो. ते मामा होते ते एका भाच्याचे आणि एका भाचीचे. पण हळूहळू अख्खी वस्ती त्यांना मामा म्हणू लागली. आठवडाभर ते चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत आणि रविवारी दुपारी टायरच्या दुकानावरच्या माडीवर लोकांना नाचवत. त्या माडीला लाकडी जमीन होती, रबराचा वास होता आणि उंच झरोके होते. झरोके उघडायला मामांजवळ एक लांब काठी असे. खाली पाने-हातोडे चालत, वर आम्ही चालत असू, आणि दोन्हीकडची माणसे संध्याकाळी सारखीच घामाघूम होऊन घरी जात.

मामांची एक रीत होती. पहिली तबकडी लावण्याआधी ते माडीवर एक फेरी मारत, भिंतीला टेकून उभे राहत आणि लोकांचे पाय बघत. कोणाचे पाय थकलेत, कोण अजून लाजतोय, कुठल्या जोडप्याचे भांडण झाले आहे, हे ते पायांवरून ओळखत आणि मग ठरवत की काय लावायचे. पुढे गुडघे कुरकुरू लागले, सारखे वरखाली होणे जमेना, तेव्हा त्यांनी भाच्याला चौथऱ्यावर माझ्यासमोर उभे केले आणि स्वतः झरोक्याची काठी घेऊन खाली नाचणाऱ्यांत थांबू लागले.

"तोंड काय बघतोस त्यांचं?" ते भाच्याला म्हणत. "तोंड पाहुण्यासारखं वागतं रे. पाय घरच्यासारखे असतात. पाय बघ."

"आणि गर्दीत पायच दिसले नाहीत तर?"

"तर माझी काठी बघ. उभी आहे, चालू दे. आडवी झाली की थांबव. का, कशाला, ते नंतर विचार."

काठी आडवी होण्याचे प्रसंग थोडे आले. एकदा कोणाचा तरी चष्मा पडला. काठी आडवी झाली, भाच्याचा तळवा माझ्यावरच्या तबकडीवर आला, सगळी माडी जागच्या जागी गोठली, एक बाई खाली वाकल्या आणि चष्मा अखंड वर आला. मामांनी भिंग उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "ओरखडा नाही. वाजव." तळवा उचलला गेला आणि गाणे त्याच शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यापासून पुढे निघाले. मित्रांनो, मोठमोठ्या संस्थांनी माझी स्तुती केली असती तरी मला त्या अर्ध्या शब्दाइतका आनंद झाला नसता.

भाच्याचे घरचे नाव चिमण. त्याची थोरली बहीण म्हणजेच निवेदनातल्या 'ध्वनितंत्रज्ञ बाई'. तिला चिमण ताई म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. ताईने ध्वनिशास्त्राची पदवी घेतली, सभागृहात नोकरी धरली आणि रविवारी ती आमच्या तारा तपासायला येई. तिची जीभ कात्रीसारखी आणि हात सुईसारखे. माझ्या जुळ्या भावंडाची मोटार जळाली तेव्हा तिने त्याचे रबरी पाय काढून माझ्याखाली बसवले. अजून मी त्याच पायांवर उभी आहे.

आता देखाव्याच्या मूळ प्रश्नाकडे. तो प्रश्न मामींनी उपस्थित केला, आणि तोही कसलाही सिद्धान्त मांडायचा हेतू नसताना. एका रविवारी त्या माडीच्या मागच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "छान वाजवतोस रे चिमण्या. पण लांबून बघितलं की वाटतं, पोरगा इस्त्री करतोय."

मामा खो खो हसले. "मग काय झालं? कपडे कडक निघतायत ना?"

चिमण हसला नाही. ते वाक्य त्याला लागले. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याच्या लागण्यात तथ्य होते. "मामा, मागच्या माणसानं काय माझी मान बघायची?" तो म्हणाला. "तोही तेवढ्याच हौसेनं येतो ना? त्याला वाटतं, हा नुसतं बटण दाबून उभा आहे."

 याला उत्तर होते ते ताईकडे. तिने माझ्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा टांगला आणि मागच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. चादरीवर चिमणचे दोन हात, माणसाच्या उंचीचे. तबकडी मागे ओढणारे, सुई उचलणारे, एका गाण्याला दुसऱ्या गाण्याच्या कडेवर बसवणारे. त्या दिवशी मागच्या कोपऱ्यातून मामींचाच आवाज आला, "अगं बाई, हा खरंच काहीतरी करतो की!" एकदा त्याने सुई चुकीच्या जागी टेकवली. साऱ्या माडीने ती चूक चादरीवर घडताना पाहिली आणि आनंदाने आरडाओरडा केला. तोही हसला, त्याने सुई उचलली, पुन्हा टेकवली. लोकांना त्याची चूक आवडली, कारण ती त्यांच्या समक्ष झाली होती.

तेव्हा कोणी असा आरोप करू नये की देखाव्याला माझा तात्त्विक विरोध आहे. वाजवणाऱ्याने मंचावर दिवे लावावेत की नाही, पडदे लावावेत की नाही, धूर सोडावा की नाही, यावर विद्वानांनी खुशाल दोन तट पाडून भांडावे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. देखावा हाताचे काम दाखवतो आहे की हात रिकामे आहेत हे झाकतो आहे? पहिल्याला मी कला म्हणते. दुसऱ्यालाही एक नाव आहे; पण माझे वाचक लहान आहेत.

चादरीवरचे हात पाहून आयोजक आले. गुळगुळीत दाढीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे गृहस्थ. त्यांनी चिमणला 'डीजे वादळ' हे नाव दिले. चिमणीचे वादळ करण्याची ही क्रिया अवघ्या एका चहात पार पडली.

"दादा, लोक आजकाल डोळ्यांनी ऐकतात," आयोजक म्हणाले. "मंच वर उचलला गेला पाहिजे. ठिणग्यांचे फवारे. पायाशी ढग. तुम्ही ढगांवर उभे!"

मामा कोपऱ्यात भिंग पुसत बसले होते. "ढगात लोकांचे पाय कसे दिसणार?"

"पाय कशाला बघायचे, मामा? लोकांनी वर बघायचं. खाली बघायला ते काय चप्पल शोधतायत?"

सगळे हसले. मामाही हसले, कारण विनोद बरा होता. वाद तिथेच संपला. वाद विनोदाने संपला की दोन्ही बाजूंना वाटते आपलेच खरे, आणि पुढच्या कामाला लागते ती ज्याच्या हातात माणसे आहेत ती बाजू.

यापुढे जे घडले ते मी क्रमाने सांगते, कारण त्यातला एकही निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर वेडेपणाचा नव्हता. ठिणग्या तालावर उडायला हव्यात, म्हणून ताल आधी ठाऊक हवा. ताल आधी ठाऊक हवा, म्हणून गाण्यांचा क्रम ठरवून टाकला. क्रम ठरला आहेच तर तो आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला बरा, म्हणजे चूक होणार नाही. ध्वनिमुद्रण मंचामागच्या संगणकातून चालेल आणि ठिणग्या, ढग, दिवे त्याच संगणकाचे ऐकतील. मंच वर उचलला जाणार, तितकी माझी तार पुरेना; म्हणून तार काढली. वर जाताना हादऱ्याने सुई उडे. म्हणून सुई काढली. तबकडी घसरे, म्हणून डिंक. काळी दिसते, म्हणून सोनेरी रंग. कॅमेऱ्यात हात दिसतात आणि हातांना आता काम नाही. म्हणून कॅमेरा काढला. मित्रांनो, मूर्खपणा क्वचितच उडी मारून येतो. तो जिन्याने येतो, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दम खाऊन.

ताईला हे कळले तेव्हा दोघे सभागृहाच्या रिकाम्या मंचावर उभे होते. मी शेजारी, अंगावरचा रंग वाळवत.

"मग तू वर काय करणार?" ताईने विचारले.

"उभा राहणार. माहोल करणार."

"उभा तर खांबही राहतो."

"तुला नाही कळायचं, ताई. तू कायम मागे असतेस."

"मागून सगळं दिसतं, चिमण्या." मग तिचा आवाज खाली आला. "बरं, सगळं कर तुझ्या मनासारखं. फक्त एक बटण ठेव हाताशी. थांबवायचं."

आयोजक जवळच होते. "मध्येच थांबलं तर ठिणग्या कशावर उडणार, मॅडम?"

ताईने भावाकडे पाहिले. भावाने माझ्याकडे पाहिले. माझ्यावरच्या सोनेरी रंगात त्याला स्वतःचा चेहरा दिसत असावा, कारण तो बराच वेळ पाहत राहिला. बटण काही आले नाही.

रविवारी दुपारी सभागृह भरले. त्या सभागृहात नाचायची जमीन उंचावर आहे आणि तिच्या एका अंगाला उतरत्या पायऱ्या आहेत. मंच उचलला गेला. चिमण आणि मी वर गेलो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष केले. यंत्रांनी जमिनीलगत जड पांढरा ढग सोडला. तो लोकांच्या गुडघ्यांपर्यंत चढला आणि तिथेच रेंगाळला. वरून दिसायचे ते एवढेच: पांढऱ्या पसाऱ्यावर तरंगणारी शेकडो धडे. जमीन नाही, पायऱ्या नाहीत, एकाही माणसाला पाय नाहीत. गाणी सुरू झाली. चिमण माझ्यावरच्या चिकटलेल्या तबकडीवर बोटे फिरवू लागला. एखाद्या आजाऱ्याची नाडी पाहावी तसा हात होता. फक्त नाडी नव्हती.

मामा आले होते. त्यांच्या हातात आता झरोक्याची काठी नव्हती. टेकायची काठी होती, आणि तिच्यावाचून त्यांना उभे राहता येत नसे. तरीही ते खुर्चीवर बसले नाहीत. भाचा वर ढगांवर आहे, त्याला पाय दिसणार नाहीत, मग आपण खाली थांबलेच पाहिजे, असे त्यांनी धरले असणार. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्षानुवर्षांची रीत होती. ते पायऱ्यांच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथे ढगात पायरी न दिसल्यामुळे एक बाई अडखळल्या. मग एक माणूस अडखळला. मामांनी पाहिले, आणि त्यांच्या दृष्टीने पुढे करण्यासारखी एकच गोष्ट होती. त्यांनी टेकायची काठी जमिनीवरून उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली.

ज्या काठीवर माणूस उभा आहे तीच काठी त्याने उचलली. का? कारण काठी आडवी झाली की आवाज थांबतो, आणि आवाज थांबेपर्यंतचा क्षण कसाही निभावता येतो, यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास अंधश्रद्धा नव्हता. कित्येक रविवारी तो पडताळून पाहिलेला होता.

नेमक्या त्याच वेळी मुद्रित केलेल्या चिमणचा आवाज सभागृहात घुमला, "सगळ्यांचे हात वर!" शेकडो हात वर गेले. आडवी काठी त्या हातांच्या रानात वेढली गेली.

आणि चिमणचा तळवा माझ्यावर आला. बोटे नाहीत, पूर्ण तळवा, भार घालून, जुन्या माडीवर यायचा तसा. माझे रबरी पाय दबले. त्या तळव्याने पुन्हा पुन्हा दाब दिला. वर एवढे अंतर होते की खालच्यांना ती अदा वाटली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच्या मनात काय होते याची साक्ष मी देऊ शकत नाही. माझा पुरावा फक्त तळव्याचा आहे. त्यानंतर त्याचा दुसरा हात वर गेला. का गेला, हे तेव्हा मला समजले नाही.

मामा कधी दिसेनासे झाले, हे ढगामुळे फार थोड्यांना कळले. सभागृहाच्या मागच्या टोकाला, आवाज कमी-जास्त करायच्या पाटीमागे बसलेल्या ताईला कळले. तिने दोन्ही हातांनी आवाज खाली ओढला. शांतता झाली. त्या शांततेत ठिणग्यांचे फवारे तालावर उडतच राहिले, कारण संगणकाला कोणी काही सांगितले नव्हते. नाकापेक्षा मोती जड असतो तेव्हा नाक पडते. मोती मात्र कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे चमकत राहतो.

मामांच्या खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात आयोजक फुले घेऊन गेले आणि त्यांनी विचारले, "आधी आवाज बंद झाला, मग तुम्ही पडलात, असंच ना मामा?" मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "मला आठवत नाही." भिंगातला केसाएवढा ओरखडा न विसरणारा माणूस म्हणाला की त्याला आठवत नाही. पुढे म्हणाले, "काठीवर उभ्या राहणाऱ्यानं काठी उचलू नये. एवढं मला कळायला हवं होतं." भाच्यावर बालंट येऊ नये म्हणून त्यांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला, आणि त्या औदार्याचा फायदा घेऊन आयोजकांनी तो उचलून भाचीच्या अंगावर टाकला. मग दारावर ते निवेदन लागले. सभागृहाने ताईकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि चौकशीचा दिवस नेमला.

दरम्यान मी ताईच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर होते. कार्यक्रमानंतर मला उचलायला दुसरे कोणी आलेच नव्हते. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी चिमण आला. बसला नाही.

"ताई, उद्या तू सांगणार आहेस?"

"काय?"

"तारेचं."

ताई भांडी पुसत होती. "तार तुझी. मी कशाला सांगू?"

"माझं सगळं जाईल गं."

"माझं गेलंय. किल्ल्या दिल्या मी."

"मी आयोजकांशी बोलतो. ते तुला दुसरीकडे कुठेतरी..."

"चिमण्या," ती म्हणाली, "मी तुझ्या तारा आजवर जोडत आले. तुझं तोंड मी जोडून देणार नाही. मामांनी तोंड मिटलंय, ते तुझ्यासाठी. मी मिटणार आहे, तेही तुझ्यासाठीच. आता राहिलं कोण, बघ."

तो दारापर्यंत गेला, परत आला आणि त्याने फ्रिजवर माझ्याकडे हात नेला. शिवला मात्र नाही. मामी तेव्हा आतल्या खोलीत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "जेवून जा!" तो जेवला नाही.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी यंत्राने काही मागणे मागायचे असते. धूळ पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका, वगैरे. माझी धूळ ताई पुसते. तेलाची मला गरज नाही. आणि अडगळीत असताना निदान मी खोटे बोलत नव्हते. सोन्याने मढवून मधोमध मांडले तेव्हाच माझ्याकडून खोटे बोलवून घेतले गेले. म्हणून माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी वाजवणारा होईल. मंच सजवा. दिवे लावा. आकाशातून उतरा हवे तर. पण समोरच्यांचे पाय दिसतील एवढी जागा मोकळी ठेवा, आणि तुमच्या तळव्याखाली जे आहे ते खरोखर थांबते ना, हे सुरू होण्याआधी एकदा थांबवून बघा. वस्तूंची निगा यापेक्षा वेगळी नसते. जे यंत्र ज्यासाठी घडले ते काम त्याला करू द्यावे, आणि नसेल करू द्यायचे तर निदान त्याच्या नावावर दुसऱ्याचे पाप लिहू नये.

चौकशी सभागृहाच्याच एका खोलीत झाली. अध्यक्षस्थानी एक वयस्कर बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि घाई नव्हती. आयोजकांनी मला ताईच्या घरून मागवून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हेच ते यंत्र. जुनं आहे. आम्ही कलावंताच्या भावनांचा आदर करून वापरू दिलं."

अध्यक्षबाईंनी ताईला विचारले, "हे बंद पडल्यावर तुम्ही आवाज बंद केलात?"

"हे बंद पडलं नाही," ताई म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर मागे होता."

"मला विचारू नका. यावर हात कोणाचा होता, त्याला विचारा."

"चुकीचा मुद्दा काढतायत, मॅडम," आयोजक हसून म्हणाले. "वादळसाहेब वर होते. ढगातून त्यांना खालचं काय दिसणार? त्यांना यात कशाला ओढायचं?"

अध्यक्षबाईंनी नाक पुसले, चष्मा वर केला आणि मला निरखले. "एवढं जुनं आहे म्हणता, तर एकदा लावून दाखवा की. बघू कसं बंद पडतं ते. तिथे भिंतीत प्लग आहे." त्या चिमणकडे वळल्या. "तुमचंच ना हे? लावा."

चिमण उठला. सवयीने त्याचा हात माझ्या मागच्या बाजूला गेला, जिथून कधी काळी तार निघत असे. तिथे सोनेरी रंगाने बुजवलेले भोक होते. त्याचे बोट त्या भोकावर थांबले.  आयोजक म्हणाले, "तार बहुतेक गाडीत राहिली," आणि उठू लागले.

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग शेजारच्या कारकुनाला, "हे काय बोलतात ते शब्दशः लिहून घ्या. सुधारू नका."

कारकुनाने सुधारले नाही. मीही सुधारत नाही:

"तार गाडीत नाही. तार नव्हतीच. हे बंद पडलं नाही, हे चालूच नव्हतं. मी त्या दिवशी काही वाजवत नव्हतो, नुसता उभा होतो. ढगातून दिसत नव्हतं हे खोटं आहे. पाय दिसत नव्हते. काठी दिसली. मामांनी आडवी धरली तेव्हाच दिसली. मी तबकडीवर तळवा ठेवला. आवाज थांबला नाही. परत ठेवला. मग मामा दिसेनासे झाले. ताईनं आवाज बंद केला तो त्याच्यानंतर. मधल्या वेळात लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, म्हणून मी त्यांना हात केला."